थडग्यातला उंदीर जिवंत आहे

प्रश्न : पेरू देशात केवळ थडग्यांतील हाडांवरून ठाऊक असलेला एक उंदीर जिवंत सापडल्याचे गणपतीला घरी आलेल्या भाच्याने सांगितले. हे खरे आहे काय? आमच्या माडांवर चढून कोवळे नारळ पोखरणाऱ्या उंदरांपैकीच तो असावा का?
— एक बागायतदार, वेंगुर्ले

उत्तर : भाच्याचे म्हणणे खरे आहे. १९१२ मध्ये हायरम बिंगहॅम यांच्या मोहिमेने माचू पिच्चू येथील इंकाकालीन थडगी उकरली, तेव्हा माणसांच्या सांगाड्यांसोबत या प्राण्याच्या कवट्या मिळाल्या आणि त्यांवरून जॉर्ज ईटन यांनी १९१६ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे तो नामशेष मानला गेला. १९९७ मध्ये लुईझ एमन्स यांना विल्काबांबा डोंगररांगेत, पायवाटेवर, विझल या छोट्या शिकारी प्राण्याने मारून टाकलेला एक करड्या रंगाचा, डोक्यावर पांढरा पट्टा असलेला धष्टपुष्ट प्राणी आढळला. १९९९ मध्ये त्याला 'कुस्कोमिस अशानिंका' हे नाव मिळाले आणि थडग्यातला उंदीर त्याचाच भाऊबंद ठरून 'कुस्कोमिस ओब्लाटिव्हस' झाला. हा दुसरा माचू पिच्चूच्या परिसरातच जिवंत असल्याचे २००९ मधील एका छायाचित्राने दाखवून दिले. पर्यटकांची रीघ लागलेल्या ठिकाणाजवळ तो इतकी वर्षे नजरेआड राहिला, याचे आम्हाला फार नवल वाटते. पण आंबोलीचे पावसाळी धुके ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ढगांत बुडालेल्या, शेवाळाने लगडलेल्या रानात काय काय दडू शकते, हे सांगावे लागणार नाही. त्याच आंबोलीतील हिरण्यकेशीच्या कुंडातला मासा शास्त्राला नवा असल्याचे २०२० मध्येच कळले.

आता आपला दुसरा प्रश्न. देठाजवळ गोल भोक पाडलेली जी बोंडे आपल्याला सकाळी माडाखाली पडलेली दिसतात, ती पाडणारा उंदीर कुस्कोमिसचा फार दूरचा नातलग आहे. कुस्कोमिस चिंचिला आणि गिनीपिग यांच्या गटातला असून, या गटाचा आपल्याकडील जवळचा सोयरा म्हणजे साळिंदर. या सर्वांच्या कवटीत डोळ्यांपुढे एक मोठे छिद्र असते व जबड्याच्या स्नायूचा मोठा भाग त्यातून जातो. बागेच्या कडेला साळिंदराची कवटी पडलेली दिसली, तर ती न उचलता हे छिद्र जरूर न्याहाळावे.