आधी वादकाच्या शेजारी बस

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तू लॅपटॉपवर रचलेल्या संगीताची फाइल ऐकली. इलेक्ट्रॉनिक्स सोडू की ऑर्केस्ट्रा, कोणती सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) घेऊ, पुण्याला साउंड इंजिनिअरिंगला जाऊ का, हे सगळं तू एका दमात विचारलंस. खरं सांगू? यातला एकही प्रश्न आज तुझा नाही. तुझी बासरी सुरुवातीलाच चाळीस सेकंद एकच सूर धरून बसलीय, तोही वरच्या सप्तकात, पूर्ण जोरात. अगं, तिथे माणूस आहे. त्याला श्वास घ्यायचाय. ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्या शेजारी आधी जाऊन बसायचं, बाकीचं नंतर.

लायब्ररीतला प्रत्येक सूर कुणीतरी चांगल्या स्टुडिओत, ताज्या दमाने वाजवलेला असतो. मागच्या सुराने तो दमलेला नसतो. म्हणून तुझ्या लॅपटॉपवर सगळंच वाजतं.

‘सोलापुरात कुठे ऑर्केस्ट्रा, सर?’ हे तू म्हणणारच. नाहीच. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिकीट काढ आणि ऐकून ये. पण आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट आहे, ट्रम्पेट आहे, युफोनियम आहे. बी फ्लॅट क्लॅरिओनेटला सी हा स्वर लिहिला की कानावर त्याच्या खालचा बी फ्लॅट येतो, हे पुस्तकात वाचशील आणि विसरशील. बँडमास्तरांसमोर कागद ठेवलास आणि तुझी चाल एक स्वर खाली घसरली, की जन्मात विसरणार नाहीस. मधल्या ए वरून लगतच्या बी वर जाताना त्यांची जवळजवळ सगळी बोटं एकदम खाली यावी लागतात. तू नेमकी तिथेच झरझर तान लिहिलीयस! पडद्यावर ते दोन ठिपके अगदी शेजारी दिसतात ना, म्हणून.

रचनेत मागाचा, कापड विणायच्या यंत्राचा, आवाज घातलास त्याचं मात्र कौतुक करतो. बाबांच्या कारखान्यात माइक घेऊन उभी राहिलीस, खटका आणि धोटा वेगवेगळे पकडलेस. हे कुणी शिकवून येत नाही. पण मग तो आवाज व्हायोलिनखाली शेवटपर्यंत चादरीसारखा अंथरून ठेवलास. (सोलापूरकर आहेस, दुसरं काय करणार.) एडगार वारेझ या संगीतकाराची ‘देझेर’ ही वादक आणि टेपसाठीची रचना ऐक. 1954 साली पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा सभागृहात आरडाओरडा झाला होता. त्याच्याही टेपवर कारखान्यांतले आवाज आहेत. पण टेप आणि वादक तो एकत्र वाजवतच नाही. वादकांचे चार भाग, त्यांच्यामध्ये टेपचे तीन तुकडे. स्पीकरशी कुस्ती लावली तर माणूस हरणार, हे त्याला पक्कं ठाऊक असावं. तूही माग बंद करून बघ. तो थांबतो त्या क्षणी व्हायोलिन येऊ दे.

आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा ट्रॅक सलग ठेवू नकोस. सलग ट्रॅक म्हणजे प्रत्येकाच्या कानात लय मोजणारी क्लिक, मग कंडक्टरला लय जराही ओढता येत नाही. तुकडे कर, ते कीबोर्डवर लाव आणि कंडक्टरच्या काठीकडे बघून सोडणारा एक माणूस बसव. तोही वादकच. त्याची ओळ स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र लिहिलेल्या कागदात, लिही, आणि त्याच्याही शेजारी बस.

हे सगळं परदेशातलं, असं घरच्यांनी म्हटलं तर सांग, 1969 मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, बसवला आणि आपल्या लोकांनी त्यावर काम केलं.

मी मुंबईत व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत होतो. सिंथेसायझर आला तेव्हा आधी ती रांग उठली. गावात अजून म्हणतात, सर टिकले नाहीत. कीबोर्ड शिकून टिकता आलं असतं, इतकं काही ते अवघड नव्हतं. मला टिकायचं नव्हतं. राग यंत्रावरही नव्हता. कीबोर्डवर व्हायोलिनांसारखा लांब सूर (स्ट्रिंग्जचा पॅड) वाजवणाऱ्याला व्हायोलिनचा गज, बो, कुठे वळतो हे माहीत नव्हतं, आणि आम्ही दहा पावलांवर बसलेलो असताना विचारायला कुणी उठलं नाही. तेवढं कुणी विचारलं असतं तर... जाऊ दे. मी लिहिलेलं एकही पान भरल्या वाद्यवृंदाने वाजवलं नाही, ही खंत आहे. ती तुझ्या डोक्यावर टाकायची नाही असं ठरवून पत्राला बसलो होतो. टाकतोयच बहुतेक.

पैशांचं म्हणशील तर मालिकांचं पार्श्वसंगीत, जाहिराती, शिकवण्या, जे येईल ते घे, लाजू नकोस. पुण्यालाही खुशाल जा, माइक कुठे लावायचा ते नीट शिकशील. उद्या एखादा निर्माता बुडापेस्टचा वाद्यवृंद घेऊन देईल. तू इथे बसून ऐकशील, ते तिथे वाजवतील, आणि घड्याळ पैशांवर चालू असेल. तेव्हा ‘हे वाजत नाही’ असं त्यांनी म्हणण्याआधी तुला माहीत हवं. ते लॅपटॉप सांगणार नाही, माणूस सांगतो. किती वेळा लिहू?

लग्नसराई संपत आलीय, बँडमास्तर रविवारी मोकळे आहेत. क्लॅरिओनेट, युफोनियम आणि मागाचा आवाज, एवढ्यासाठीच सोळा बार लिहून आण. प्रत्येकाचा पार्ट त्याच्या वाद्याच्या स्वरात बदलून (ट्रान्स्पोज करून), ठळक छापून आण, मास्तरांना बारीक दिसत नाही. तासाचे किती घेणार ते आधी विचार आणि नको म्हणाले तरी दे.

तुझे,
सर