विद्यार्थ्याला वर्गात निरीक्षक म्हणून बसवावे का?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका पदवी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. सत्राअखेर भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर बहुतेक विद्यार्थी ‘उत्तम’ अशी खूण करतात आणि परीक्षेत मात्र अडखळतात. शिकवण्यातील उणिवा त्यांनाच विचारल्या तर शिस्त बिघडेल, असे सहकारी म्हणतात. मी काय करावे?
— एक प्राध्यापिका

उत्तर : जरूर विचारा, पण फॉर्मवर भिस्त ठेवू नका. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याविषयी विद्यार्थी मोकळेपणाने लिहीत नाहीत, आणि सत्र संपल्यावर मिळालेल्या अभिप्रायाचा त्या मुलांना काहीच लाभ होत नाही.

अमेरिकेतील ब्रिन मॉर कॉलेजात २००६ पासून चालणारी पद्धत मला अधिक पटते. तेथे विद्यार्थी प्राध्यापकाच्या तासाला निरीक्षक म्हणून बसतो, टिपणे काढतो आणि दर आठवड्याला प्राध्यापकाशी त्यावर बोलतो. तो त्या विषयाचा विद्यार्थी नसतो, त्यामुळे गुणांचे दडपण राहत नाही, आणि या कामाचे त्याला मानधनही मिळते.

आपल्याकडे दुसऱ्या विभागातील एखादी विद्यार्थिनी महिनाभर, आठवड्यातून एक तास बसली तरी पुष्कळ. चांगली-वाईट अशी पारख तिच्याकडून मागू नका. काय घडले, एवढेच वेळेनिशी लिहायला सांगा. समजा, तिने लिहिले : “१०.२० : ‘समजलं का?’ असे विचारून मॅडम लगेच फळ्याकडे वळल्या. मागच्या बाकावरच्या दोघी ‘इलॅस्टिसिटी’ म्हणजे काय, हे एकमेकींना मराठीत विचारत होत्या.” दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीत आलेली मुले आपल्या सीमाभागात वर्गावर्गात आहेत. त्यांना पुष्कळदा विषय कळतो, शब्द अडतो. आणि ही अडचण फळ्यापाशी उभ्या असलेल्या आपल्याला सहसा दिसत नाही, याची मला फार खंत वाटते.

टिपणे तुमच्या दोघींतच राहावीत, प्राचार्यांच्या फाइलमध्ये जाऊ नयेत, हे आधीच ठरवून घ्या. शिस्तीची भीती मला अनाठायी वाटते, कारण काय बदलायचे याचा निर्णय तुमच्याच हाती राहतो. टिपणे वाचल्यावर एखादी गोष्ट लगेच बदला, उदाहरणार्थ ‘लवचिकता’ हा शब्द ‘इलॅस्टिसिटी’ या इंग्रजी संज्ञेशेजारी फळ्यावर लिहा, आणि हा बदल का केला, हे पुढच्या तासाला वर्गाला सांगा.