तुमचे प्रश्न : मंत्रिमंडळ बसवताना जिथं भाषा मोजतात

प्रश्न (खानापूर तालुक्यातून एक वाचक) : दादा नमस्कार. आमच्या गल्लीतला एक पोरगा ऑस्ट्रियात जॉबला आहे, गणपतीला आला तेव्हा सांगत होता की शेजारी इटलीत असा एक प्रांत आहे जिथं मंत्री भाषेच्या हिशोबानं घेतात. खरं आहे का हे? आणि चालतं कसं? आपल्याकडं असं काही असतं तर एवढी वर्षं सीमेचं भांडण राहिलं असतं का?

उत्तर : खरं आहे, आणि तुम्ही विचारलंत ते बरं झालं कारण मी या विषयावर कधीपासून लिहीन लिहीन म्हणत होतो. तो प्रांत म्हणजे दक्षिण टिरोल, इटालियन लोक त्याला आल्तो आदिजे म्हणतात. राजधानीलाही दोन नावं, जर्मनमध्ये बोत्सेन, इटालियनमध्ये बोल्झानो, आणि पाटीवर दोन्ही लिहिलेली असतात. माणसं साधारण सव्वापाच लाख, म्हणजे आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत जवळपास ४८ लाख होती तर त्याच्या नवव्या हिश्शाएवढी. २०११ लाच तिकडं भाषेची मोजणी झाली त्यात जर्मन बोलणारे ६९ टक्के, इटालियन २६ आणि लाडिन म्हणून डोंगरातल्या दऱ्यांमधली एक जुनी भाषा आहे ती साडेचार टक्के.

आता हे सगळे एकत्र कसे आले ते ऐकलं की आपलंच वाटतं. पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा, १९१९ च्या तहात तो इटलीला गेला, तिथल्या लोकांना कुणी काही विचारलं नाही. मग मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली, आणि लोक रात्री तळघरात गोठ्यात पोरांना बसवून गुपचूप जर्मन शिकवायचे, पकडले गेले तर शिक्षा. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पॅरिसला इटली आणि ऑस्ट्रियात करार झाला की या लोकांना स्वायत्तता द्यायची, १९४८ ला कायदा पण आला, पण त्यात मेख अशी मारली की शेजारचा इटालियन भाषेचा त्रेंतो प्रांत त्यांना जोडला आणि दोघांच्या एकत्र विधानसभेत जर्मनवाले परत अल्पसंख्य झाले. हातात कागद आला, सत्ता आली नाही. १९५७ ला झिग्मुंड्सक्रोनच्या किल्ल्यात मोठी सभा झाली, सिल्व्हियस मान्यागो या पुढाऱ्यानं त्रेंतोपासून सुटका पाहिजे म्हणून घोषणा दिली, ऑस्ट्रियानं हा विषय १९६० मध्ये युनोत नेला, आणि १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे कितीतरी खांब उडवले गेले. माणसं पण मेली त्या वर्षांत. शेवटी चर्चा होऊन १९७२ ला दुसरा कायदा आला तो आजचा, आणि त्यातल्या सगळ्या गोष्टी पुऱ्या व्हायला आणखी वीस वर्षं लागली, १९९२ ला ऑस्ट्रियानं युनोला कळवलं की वाद मिटला.

तर मंत्रिमंडळाचं असं आहे. प्रांताची विधानसभा ३५ जणांची. ती आपला मुख्यमंत्री निवडते आणि मंत्रीही निवडते, पण कायद्यात सरळ लिहिलंय की मंत्रिमंडळात भाषागटांचं प्रमाण सभागृहातल्या त्यांच्या प्रमाणाला धरून असलं पाहिजे. कुणाची मेहरबानी नाही, नाहीतर सरकारच बसत नाही. उपमुख्यमंत्र्यांत एक जर्मन गटाचा आणि एक इटालियन गटाचा असावाच लागतो. लाडिन लोक इतके थोडे की हिशोबात कधी बसणार नाहीत म्हणून त्यांना हिशोबाबाहेरही मंत्रिपद देता येतं, हे मला फार आवडलं. आणि एक बारकी गोष्ट लक्षात ठेवा, प्रमाण धरतात ते सभागृहातलं, लोकसंख्येचं नाही. २०२३ च्या निवडणुकीत इटालियन गटाचे पाचच आमदार आले, लोकसंख्येत २६ टक्के आणि सभागृहात पाच, कारण त्यांची मतं फुटतात. मग बरीच ओढाताण होऊन २०२४ च्या सुरुवातीला आर्नो कोम्पाचर यांचं सरकार ११ जणांचं बसलं, त्यात दोन इटालियन, एक लाडिन. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या आपल्या एकीकरण समितीत दोन दोन तीन तीन उमेदवार उभे राहतात आणि मग सीट जाते हे ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं काय सांगू.

पण नुसत्या खुर्च्यांनी काही होत नाही हो. खरी ताकद दोन ठिकाणी आहे. एक, एखादं बिल आपल्या भाषेच्या मुळावर येतंय असं एखाद्या गटाच्या बहुसंख्य आमदारांना वाटलं तर ते भाषागटाप्रमाणे वेगळं मतदान मागू शकतात, आणि तरी ऐकलं नाही तर थेट इटलीच्या घटनात्मक कोर्टात जाऊ शकतात. दुसरं म्हणजे पैसा, तिथं गोळा होणाऱ्या बहुतेक करांचे दहातले नऊ भाग प्रांताकडेच राहतात, त्यामुळं शाळेला दवाखान्याला रोमकडं हात पसरायला लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यात जवळची. सरकारी कचेरीत तुम्ही जर्मनमध्ये अर्ज दिला तर उत्तर जर्मनमध्येच यायला पाहिजे, इटालियनमध्ये दिला तर इटालियनमध्ये. म्हणून नोकरीला लागायच्या आधी दोन्ही भाषांची परीक्षा, शिपायापासून डॉक्टरपर्यंत, १९७६ पासून. चार वर्षांमागं मी आईला घेऊन एका कचेरीत गेलो होतो, शेताच्या उताऱ्यावर आजोबांच्या नावानंतर तिचं नाव वारस म्हणून लागलं का बघायला. उतारा हातात आला तो सगळा कन्नडमध्ये. आई सत्तर वर्षं त्या शेतात राबलेली, कागद डोळ्याजवळ धरून उलटा सुलटा बघत होती आणि मला म्हणाली, ह्यात माझं नाव कुठं हाय दाखव की रे. मला पण नीट येत नव्हतं. खिडकीतला क्लार्क पोरगा चांगला होता, त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. आईनं त्या जागेवर अंगठ्याचं नख रोवून घडी घातली, म्हणजे पुढं कुणाला दाखवताना सापडावं. तो क्लार्क चांगला होता म्हणून काम झालं, दक्षिण टिरोलमध्ये क्लार्क चांगला असायची गरज नाही, एवढाच फरक आहे आणि तो लई मोठा आहे.

आपल्याकडं असतं तर काय झालं असतं, हे विचारलंत. १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा सरहद्दीवरच्या मिश्र भागाला असं काही द्यायचं कुणी ठरवलंच नाही, हा भाग याच्याकडं की त्याच्याकडं एवढाच प्रश्न राहिला. सीमेच्या वादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानंही १९६७ ला गावांचीच वाटणी केली, २६४ गावं महाराष्ट्राला २४७ कर्नाटकाला आणि बेळगाव तिकडंच. २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे. घटनेत स्वायत्त जिल्हा मंडळं आहेत पण ती सहाव्या परिशिष्टात, आसाम मेघालय त्रिपुरा मिझोरामच्या आदिवासी भागांसाठी, आपल्याला ती लागू नाहीत. माझं मत विचाराल तर निकाल कोर्ट देईल तो देईल, पण तोवर उताऱ्याची मराठी प्रत मागायला सीमा हलायची वाट बघायची काय गरज आहे?

प्रश्न (निपाणीहून एक वाचक भगिनी) : माझी आई कन्नड, बाबा मराठी. घरात दोन्ही. तिकडच्या पद्धतीत माझ्यासारखीनं काय करायचं?

उत्तर : ताई, त्या पद्धतीची दुखरी नस तुम्ही नेमकी धरली. तिकडं सरकारी नोकऱ्या भाषागटांच्या संख्येप्रमाणे वाटतात, म्हणून नोकरी हवी असेल त्या प्रत्येकाला आपण कुठल्या गटाचे ते जाहीर करावं लागतं, तो कागद बंद पाकिटात कोर्टात राहतो आणि नोकरीच्या वेळी निघतो. आलेक्झांडर लांगर नावाचे एक नेते होते, शिक्षक होते, म्हणायचे की मी माणसांना असं कप्प्यात घालणार नाही. १९८१ ला त्यांनी गट जाहीर करायला नकार दिला तर त्यांना शिक्षकाची नोकरी नाकारली, आणि १९९५ ला त्याच कारणावरून बोल्झानोच्या महापौरपदाला उभं राहू दिलं नाही. नंतर नियम थोडा सैल झाला, ‘इतर’ लिहिता येतं, पण तरी तिघांपैकी एका गटाला स्वतःला जोडून घ्यावंच लागतं. शाळाही जर्मन वेगळ्या, इटालियन वेगळ्या, शेजारी राहून पोरं एकमेकांना ओळखत नाहीत अशी तक्रार तिथले लोकच करतात. फक्त लाडिन दऱ्यांत शाळेत निम्मे तास जर्मन, निम्मे इटालियन आणि लाडिन सोबत. आपल्या भागात एका घरात दोन भाषा म्हणजे रोजचं, मावशी धारवाडची आणि आत्या कोल्हापूरची, तेव्हा आपल्याला काही करायचंच झालं तर त्या लाडिन शाळेसारखं करावं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला आई की बाबा असं कुणी विचारता कामा नये.

प्रश्न (बेळगाव तालुका) : मी तहसील कचेरीत मराठीत अर्ज दिला तर घेतात का?

उत्तर : द्या की. घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडायला केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. उत्तर त्याच भाषेत द्यावं असं मात्र त्यात नाही, तिकडच्या आणि आपल्या कायद्यात अंतर पडतं ते इथंच. म्हणून दोन प्रती करा, वर कलम ३५० चा उल्लेख करा, शेवटी उत्तर मराठीत मिळावं अशी एक ओळ न विसरता लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घातल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.