वाचकांचे प्रश्न : पुढे न केलेला हात

प्रश्न : सर, 'डक सूप' हा जुना इंग्रजी सिनेमा आम्ही मित्रांनी मिळून पाहिला. काका म्हणतात, 'नुसत्या माकडचेष्टा आहेत. यात युद्धावर टीका कुठंय?' त्यांना काय सांगू? आणि इंग्रजी न येणाऱ्या आईला तो दाखवता येईल का?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : काकांना बांधावरची भांडणं आठवायला सांगा. माझं लहानपण अंबाजोगाईजवळच्या खेड्यात गेलं. आमचे चुलते रात्री बाजेवर पडल्या पडल्या शेजाऱ्याशी मनातच भांडायचे. 'उद्या त्यानं बांध कोरला तर? मी विचारलं अन् तो उलटून बोलला तर?' एकदा पहाटे ते काठी घेऊनच निघाले. शेजारी बैलांना कडबा टाकत होता. 'या अण्णा, चहा घ्या,' एवढंच तो म्हणाला, आणि काठी त्याच्या खांद्यावर बसली. कोर्टकचेरीत दोन्ही घरं धुऊन निघाली.

लिओ मॅकेरी यांच्या या १९३३ च्या सिनेमात हेच घडतं. फ्रीडोनिया हा कंगाल देश. टीसडेल ही श्रीमंत विधवा त्याला पैसा देते, पण रूफस फायरफ्लायला राज्यप्रमुख करा या अटीवर. हे काम ग्राऊचो मार्क्सचं. शेजारच्या सिल्व्हेनिया देशाच्या राजदूताशी त्याचं बिनसतं, तेव्हा टीसडेलबाई समेटासाठी राजदूताला बोलावतात. फायरफ्लाय खुशीत असतो, मैत्रीचा हात पुढे करीन म्हणतो. पण त्यानं तो घेतलाच नाही तर? माझी काय इज्जत राहील? बोलता बोलता त्याचा पारा चढत जातो. राजदूत आत येतो, आणि हात पुढे होण्याऐवजी त्याच्या गालावर चपराक बसते. झालं, युद्ध! सगळा दरबार त्या आनंदात नाचू-गाऊ लागतो.

हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं नाही, चुलते दिसले.

पुढे रणांगणावर फायरफ्लायचा गणवेश सारखा बदलत राहतो. अमेरिकी यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंचे पोशाख तो घालून होतो. आपल्याच माणसांवर मशिनगन चालवतो, आणि ते कळल्यावर गुपचूप राहण्यासाठी सोबत्याला पाच डॉलर देऊ करून तेही परत घेतो. पहिलं महायुद्ध संपून तेव्हा १५ वर्षंच झाली होती, आणि त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. सिनेमात शांततेवर एकही भाषण नाही, आणि म्हणूनच मला तो इतका खरा वाटतो. (अमेरिकन बोलीत 'डक सूप' म्हणजे डाव्या हाताचा मळ. युद्ध पेटवणं इतकं सोपं!)

आईला जरूर दाखवा. त्यांच्यासाठी आरशाचा प्रसंग आहे. ग्राऊचोचा भाऊ हार्पो यात सिल्व्हेनियाचा हेर आहे. पळताना त्याच्या धक्क्यानं मोठा आरसा फुटतो. त्यानं फायरफ्लायसारखाच पायघोळ झगा, रात्रीची टोपी अन् मिशा असा वेष केलेला. फायरफ्लाय समोर आल्यावर तो त्याचं प्रतिबिंब होऊन उभा राहतो. शब्द नाही, संगीतही नाही. हा वाकला की तो वाकतो, हा उडाला की तो उडतो. मग गोल फिरून दोघं जागासुद्धा बदलतात! पुढं हार्पोच्या हातून टोपी पडते आणि फायरफ्लाय ती उचलून 'आरशातल्या'ला देतो. शेवटी त्याच वेषातला दुसरा हेर, म्हणजे आणखी एक भाऊ चिको, मधे घुसतो.

माझी आई शाळेत गेलेली नव्हती. टोपीपाशी तिनं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, 'पुन्हा लाव रे तेवढं.'