खेळाडू नाही झाला, तर कोच होईलच?

प्रश्न : मुलगा दहावीला 74 टक्क्यांनी पास झाला. मी पेठेच्या संघातून खेळलो, पण पुढे संधी मिळाली नाही. त्याची अकरावी थांबवून दोन वर्षं फक्त फुटबॉल, असं मी ठरवलंय. खेळाडू म्हणून नाही जमलं तर कोचिंग आहेच. फ्रान्सचा अनेल्का नाही का मुंबईत थेट कोच झाला? मुलगा हल्ली गप्प असतो, पण होईल सवय. – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यानं मला काळजी वाटली. मुलगा गप्प का आहे, हे तुम्ही त्याला विचारलंत का? पत्रात तुम्ही काय ठरवलंय ते आहे, त्याला काय हवंय ते कुठेच नाही. त्याला खेळायचं असेलही. पण तुमचं राहून गेलेलं खेळायचं नसेल.

अकरावी थांबवू नका. आर्ट्स घेऊ दे, कॉमर्स घेऊ दे, सरावाला वेळ मिळतो.

आता अनेल्काचं. निकोला अनेल्का आर्सेनल, रेआल माद्रिद, तुर्कस्तान, चेल्सी, चीन असा फिरून 2014 मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी क्लबात आला. 2008-09 मध्ये 19 गोल करून तो इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गोल करण्यात अव्वल ठरला होता. 2015 मध्ये त्याला खेळाडू-प्रशिक्षक केलं आणि आठ संघांत मुंबई सहावी आली. पुढच्या हंगामात प्रशिक्षक बदलला. एवढा मोठा खेळाडू, तरी कोचिंग त्याला आपोआप जमलं नाही. याउलट एर्व्हे रनार. तोही फ्रेंच, पण खेळाडू म्हणून बेताचा. खेळणं संपल्यावर त्यानं साफसफाईचा व्यवसाय काढला. पहाटे कचऱ्याचे डबे बाहेर काढायचा आणि संध्याकाळी द्रागिन्याँ या छोट्या क्लबला शिकवायचा. मग चीन, इंग्लंड, व्हिएतनाम, घाना असं मिळेल तिथे काम केलं. 2012 मध्ये झांबिया, 2015 मध्ये आयव्हरी कोस्ट, असे दोन देश त्यानं आफ्रिकेचे विजेते केले. 2022 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला हरवणाऱ्या सौदी अरेबियाचा कोचही तोच. कोचिंग हा वेगळा पेशा आहे, त्याची उमेदवारी वेगळी करावी लागते. आपल्याकडेही फुटबॉल महासंघाचे परवाने डी, सी, बी, ए असे पायरीपायरीनं मिळवावे लागतात. हरलेल्यांची सोय म्हणून त्याकडे बघू नका.

या रविवारी त्याला शाहू स्टेडियमवर मॅच बघायला न्या. चुका दाखवू नका, स्वतःचे दिवस सांगू नका. तो बोलेपर्यंत थांबा. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.