इंग्रजीतील भविष्यकाळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परीक्षांचे आणि मुलाखतींचे दिवस जवळ आले की भविष्यकाळाविषयीची तीच शंका निरनिराळ्या हस्ताक्षरांत येऊन पडते, म्हणून निवडक पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : ‘आय’ आणि ‘वुई’पुढे ‘शॅल’ लिहिले नाही तर गुण कापतात, असे ऐकले. खरे आहे का? (पालक, बार्शी)

उत्तर : ‘आय विल’ शुद्ध आहे. तुम्ही म्हणता तो नियम जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला होता. आजचे इंग्रजी त्याप्रमाणे चालत नाही. गुणांचे मात्र ऐकीव माहितीवर सोडू नका, विषयशिक्षकांना विचारा.

प्रश्न : मुलाखतीत मी ‘आय ॲम मूव्हिंग टु पुणे नेक्स्ट मंथ’ असे म्हटले. क्लासचे सर म्हणतात, हा चालू वर्तमानकाळ झाला, ‘विल’ हवे होते. (उमेदवार, सातारा)

उत्तर : वाक्य तुमचे बरोबर आहे, काळांचा तक्ता सरांचा अपुरा आहे. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा प्रत्ययच नाही. आपल्या ‘जाईन’सारखे एक रूप नसल्यामुळे ते काम तीन-चार रचनांनी वाटून घेतले आहे, आणि त्यांतली कोणती निवडायची हे घटना किती दूर आहे यापेक्षा बोलणारा कशाच्या आधारे बोलतो आहे यावर ठरते. फोन वाजताच ‘मी घेतो’ म्हणताना निर्णय त्याच क्षणी होतो, तेथे ‘आय विल गेट इट’. बेत मनात आधीच पक्का असेल किंवा आभाळ भरून आलेले समोर दिसत असेल, तर ‘गोइंग टु’. घर पाहून, मालकाशी बोलून सगळे ठरले असेल, तर तुमचे ‘आय ॲम मूव्हिंग’. गाडीच्या वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ पुरतो : ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स’. या सीमा काटेकोर नाहीत, अनेकदा दोन रचना सारख्याच चालतात. मराठी माणसाला यात नवल वाटू नये; ‘उद्या नागपूरला जातोय’ असे आपणही म्हणतो, आणि घरातून पाय बाहेर पडलेला नसताना ‘आलोच’ असे बिनदिक्कत सांगतो. तरीही बारा काळांचा रंगीत तक्ता छापून विकणे सोपे असल्यामुळे, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीची हमी देणारे ‘ईन, ईल म्हणजे विल’ एवढेच घोकून घेतात, आणि ती मुले महिनाभर आधी ठरलेला कार्यक्रमही जणू आत्ताच सुचल्यासारखा सांगतात. शुल्क भरण्यापूर्वी ‘येथे विल का नाही?’ एवढे विचारून पाहा. उत्तर न देणाऱ्यापेक्षा शाळेतल्या जुन्या शिक्षकांचा सल्ला घेतलेला बरा.

प्रश्न : ‘तो आला की मी निघेन’ याला ‘व्हेन ही विल कम’ चालेल का? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : नाही, ‘व्हेन ही कम्स, आय विल लीव्ह’. वेळ किंवा अट सांगणाऱ्या पोटवाक्यात ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अन्टिल’ यांच्यापुढे वर्तमानकाळ येतो. ‘तो कधी येईल ते मला माहीत नाही’ यात मात्र ‘व्हेन’ प्रश्नार्थक आहे, म्हणून ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर ठरते. हा फरक ओळखता येत नसेल, तर वही घेऊन शिक्षकांकडे जा.

प्रश्न : भाडेकरारातले ‘शॅल पे’ म्हणजे केवळ भविष्यकाळ का? (भाडेकरू, ठाणे)

उत्तर : नाही, ते सहसा बंधन असते. सही करण्यापूर्वी वकिलांना दाखवा.

प्रश्न : नेमणूकपत्रात कागदपत्रे ‘बाय मंडे’ मागितली आहेत. सोमवारीच द्यायची का? पत्र येऊन आठवडा झाला, आज शनिवार आहे. (उमेदवार, अकोला)

उत्तर : सोमवारपर्यंत केव्हाही. ‘टिल मंडे’ म्हटले असते तर सोमवारपर्यंत काहीतरी चालू राहणार असा अर्थ झाला असता. सोमवारी किती वाजेपर्यंत, हे व्याकरण सांगत नाही. ते कंपनीच्या मनुष्यबळ विभागालाच विचारायला हवे. हे उत्तर छापून येईपर्यंत तुमचा सोमवार उलटून गेलेला असणार. अशा तारखांसाठी सदराला पत्र लिहीत बसू नका, नेमणूकपत्रावरील क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा.