नकाशातला ओढा

"मी आर्किटेक्ट नाही, सिव्हिल इंजिनिअरही नाही, मग नगर व प्रादेशिक नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गात माझा निभाव लागेल का?" भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकलेली मुले हा प्रश्न मला इतक्यांदा विचारतात की, एका विद्यार्थिनीची हकीगत लिहूनच ठेवावी असे वाटले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ती भूगोलात एम.ए. झालेली. पहिल्या दोन भेटी पात्रतेच्या अटींतच गेल्या. एम.प्लॅन. (मास्टर ऑफ प्लॅनिंग) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून अनेक संस्था वास्तुकला व स्थापत्याच्या पदवीधरांबरोबर वरील तीन विषयांच्या पदव्युत्तरांनाही प्रवेश देतात, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. माहितीने भीती जात नाही, हा माझा जुना अनुभव. म्हणून मी कलचाचणीपेक्षा आठवणींवर अधिक विसंबतो.

तिसऱ्या भेटीत मी विचारले, "नकाशा पहिल्यांदा कधी काढलास?"

ती बारावीत असताना त्यांच्या तालुक्याच्या गावाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार अशा आराखड्यावर हरकती घेता येतात. त्यांच्या जमिनीतून रस्ता दाखवला होता, म्हणून सुनावणीला वडिलांबरोबर तीही गेली.

"बाबांच्या हातात सातबारा होता. मी वहीच्या पानावर ओढा काढून नेला होता. पावसाळ्यात पाणी कुठवर चढते ते पावलांनी मोजले होते. रस्त्याचा भराव तिथे पडला असता, तर पलीकडच्या वस्तीत पाणी शिरले असते."

"मग रस्ता कुठून न्यावा, असे सुचवलेस?"

"थोडा वरून." ती घुटमळली. "त्यात आमचे आणखी दोन गुंठे गेले असते, सर. बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत."

मी पेन खाली ठेवले. त्या दालनात प्रत्येक जण आपापला उतारा घेऊन आला होता; ही मुलगी तेवढी ओढा घेऊन आली होती. तिला मी एवढेच म्हणालो, "हेच नियोजन. तू ते आधीच केले आहेस." ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मीही ती शांतता मोडली नाही, तेवढे आता मला जमते.

मग तिला पॅट्रिक गेडिस यांच्याविषयी सांगितले. नगरनियोजनाच्या या आद्य विचारवंताचे मूळ शिक्षण जीवशास्त्राचे होते, आणि १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीखोऱ्याचा छेद काढून कोणत्या उंचीवर माणसे कोणते काम करतात ते पाहावे, अशी त्यांची शिकवण होती. भूगोलवाल्यांनी इथे बिचकावे, याचे मला म्हणूनच नवल वाटते.

मात्र प्रवेश मिळणे आणि नोकरीला पात्र ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पदांसाठी मूळ पदवीची अट असू शकते. अर्ज करण्यापूर्वीच अशा दोन-चार जुन्या जाहिराती वाचून काढाव्यात. आरेखन आणि जीआयएस (संगणकावर नकाशे व त्यांची माहिती हाताळण्याची प्रणाली) सरावाने येतात, पण पहिल्या सत्रात दमछाक होते, हेही मी लपवत नाही.

उठताना तिने विचारले, "सर, स्टुडिओच्या प्रात्यक्षिकात पावलांनी मोजलेले चालते का?"

"पहिल्या पाहणीला चालते," मी म्हणालो. "मग टेप लाव."